फ्रिजवरच्या चोवीस पाठी

सोमवारी संध्याकाळी आमच्या फ्रिजच्या दारावर चोवीस चित्रं लागली आणि मंगळवारी सकाळी त्यातली एकवीस जमिनीवर पडलेली होती. उरलेली तीन दार घासत घासत खाली निघाली होती. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे नऊ तासही नाहीत.

चित्रं बाबांसाठी होती. तीन महिन्यांपूर्वी माझ्या वडिलांना झटका आला आणि त्यांची वाचा गेली, उजवा हात लुळा पडला. घरी येणाऱ्या स्पीच थेरपिस्टबाईंनी चित्रांचे कागद दिले होते : पाणी, चहा, भूक, संडास, पोट, कान, डोकं, दुखतंय, आणि 'पुरे' म्हणायला एक उभा पंजा. येताजाता दिसतील अशा जागी लावा, म्हणाल्या, जे हवं ते चित्र काका तिथून काढून दाखवतील.

माझा नवरा बँकेत कॅशियर आहे, पण उंबऱ्याच्या आत आला की तो सुतार, वायरमन, जे म्हणाल ते असतो. त्यानं चुंबकाचा तपकिरी पत्रा आणला, तो रबरासारखा वाकणारा, कात्रीनं चोवीस तुकडे केले आणि गोंदानं चित्रं डकवली. वर मला म्हणाला, "बघ, अर्ध्या तासात केलं."

मंगळवारी मी ती सगळी उचलून परत लावली. शाळेतून आले तर पुन्हा जमिनीवर. मी शाळेत खेळ शिकवते, मधल्या सुट्टीत साडेतीनशे पोरं आवरते, शिट्टी विसरले तरी माझं अडत नाही. पण या चोवीस चिठोऱ्यांनी माझ्या नाकी नऊ आणले.

"फ्रिजच बाद झालाय," नवरा म्हणाला.

"फ्रिजला काय झालंय? दूध व्यवस्थित गार होतंय!"

बुधवारी मात्र कमाल झाली. घरी आले तर एकही चित्र खाली नव्हतं. चोवीसच्या चोवीस दारावर घट्ट बसलेली, पण सगळी उलटी. चित्रं दाराकडे आणि तपकिरी पाठी आमच्याकडे. समोर खुर्चीत बाबा, कपाळाला घाम, डाव्या हातात काठी.

"हे काय केलंत?" मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं. "बाबा! चित्रं! आपल्याकडे! आपल्याकडे हवीत!"

त्यांनी डोळे मिटले. तीन महिने हेच चाललं होतं. मी बोलायला तोंड उघडलं की हे डोळे मिटणार. मी सगळी सुलटी केली, ती घसरली. बाबा उठले, एकेक उचलून पुन्हा पालथी लावली. मी सुलटी केली, त्यांनी पालथी केली. सातव्या चित्राला माझा संयम संपला आणि मी तिथेच उभ्या उभ्या थेरपिस्टबाईंना फोन लावला.

"यांना काही कळतच नाही हो आता," मी म्हणाले. "पालथ्या घड्यावर पाणी आहे सगळं. तुम्ही उगीच हेलपाटे घालू नका."

"उद्या सकाळी एकदा येते," बाई म्हणाल्या. "नाहीच जमलं, तर काकांची वेळ दुसऱ्या पेशंटला देईन. माझ्याकडे रांग आहे."

मी "बरं" म्हणाले. सुटल्यासारखंही वाटलं, खोटं कशाला बोलू. बाबा समोरच बसले होते.

गुरुवारी मी खाली पडलेली चित्रं वेचत असताना त्यांनी माझं मनगट धरलं. एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला, दुसरा स्वतःच्या डाव्या हातात घेतला आणि चित्राला चित्र लावून ओढला. गुळगुळीत सरकला. मग तुकडा तसाच धरून दुसऱ्या दिशेनं ओढला. खड्, खड्, खड्. आत बारीक दाते असावेत तसा तो माझ्या तळहातावर उड्या मारत गेला. मग त्यांनी दोन्ही तुकडे उलटवले आणि पाठीला पाठ लावून ओढले. खडखड नाही, ओढ नाही, नुसतं रबर.

बाबांनी चाळीस वर्षं लाउडस्पीकर दुरुस्त केले. अख्खी पेठ त्यांना भोंगेमास्तर म्हणायची. प्रत्येक भोंग्याच्या बुडाशी चुंबक असतं, आणि लहानपणी त्यांच्या दुकानात मी त्या चुंबकांशीच खेळत बसायचे. पत्र्याची एक बाजू चिकटते, दुसरी चिकटत नाही, एवढंच हा माणूस दोन दिवस सांगत होता. तोंड नव्हतं, एक हात नव्हता, म्हणून चोवीस तुकडे पालथे घालून सांगत होता. आणि मी ते परत परत सुलटे करत होते. पालथा घडा कोण होता?

"अरे गाढवा," मी नवऱ्याला ओरडले, "चिकटणाऱ्या बाजूवरच चित्रं डकवलीस तू!"

"पत्र्यावर कुठे लिहिलं होतं?" म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा.

तेवढ्यात बाई आल्या. मी त्यांच्या हातात दोन तुकडे देऊन ती खडखड दाखवली. त्या एकदा तुकड्यांकडे, एकदा बाबांकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी पिशवीतून चित्रांचा दुसरा संच काढला. जुनी खरवडायची गरजच नव्हती. ती दाराकडे राहू दे, नवी पाठीवर लावायची. मी आणि बाई दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप कापत बसलो. नवऱ्यानं मात्र फोन उघडला आणि बाबांच्या कानाशी जाऊन व्याख्यान सुरू केलं.

"बाबा! यात ना! पट्ट्या असतात! बारीक! उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण! आणि त्या अशा फिरवून भरतात, की एका बाजूची ओढ एकमेकींत जिरून जाते! सगळा जोर दुसऱ्या बाजूला! त्या पट्ट्यांवरून गेलं की खडखड, पट्ट्यांच्या बाजूनं गेलं की गुळगुळीत! कळलं का बाबा?"

"मोठ्यानं सांग," मी म्हणाले, "त्यांना नीट—"

बाबा उठले. काठी टेकत फ्रिजपाशी आले. आमची नऊ-दहा चित्रं लावून झाली होती, छान चिकटली होती. त्यांनी उभा पंजा काढून नवऱ्याच्या हातात दिला. पुरे. मग कान काढला आणि तो माझ्या हातात दिला.

"काका, कान दुखतोय?" बाईंनी हळू विचारलं.

बाबांनी त्यांच्याकडे बघत नकारार्थी मान हलवली. तीन महिन्यांत मी त्यांना मान हलवताना पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बोट केलं, मग हातातल्या कानाकडे, आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"आवाज," बाई म्हणाल्या. "मोठा आवाज सहन होत नाहीये. अहो, ऐकू त्यांना उत्तम येतंय. वाचा गेली आहे, कान नाही."

ज्या माणसानं जन्मभर कान लावून भोंग्यांची खरखर पकडली, त्याच्या कानाशी मी तीन महिने शिट्टीसारखी ओरडत होते. मी खाली बसले. एवढ्या हळू आवाजात बोलायची मला सवय नाही, शब्द नीट निघेनात.

"बाबा, काल मी फोनवर बोलले... ते ऐकलंत?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

बाई त्यांच्या वहीत पुढच्या गुरुवारची वेळ लिहीत होत्या. नवरा हातातल्या पंजाकडे बघत उभा होता. मला बाबांकडून काहीतरी हवं होतं आणि ते चोवीस चित्रांत कुठेच नव्हतं, हे मला माहीत होतं. बाबांनी दारावरची चित्रं एकेक बघितली. मग चहाचं काढलं, माझ्या हातात ठेवलं आणि डाव्या हाताची दोन बोटं वर केली. एक स्वतःकडे वळवलं, एक माझ्याकडे.