लीलाबाईचा पाय

"यांच्या पाठीवर कुणी पाय दिलाय का?" सुमंत डॉक्टरांनी विचारलं.

तपासायच्या टेबलावर नानासो पालथा पडला होता. त्यानं तोंड उशीत खुपसलं. मिरजेच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत तिघंच होती, तेव्हा नाव घ्यायला दुसरं कुणी नव्हतं.

"मी दिला," लीलाबाई म्हणाली. "पायाळू हाय मी."

डॉक्टर रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी हातोडीच्या दांड्यानं नानासोच्या तळव्यावर एक रेघ ओढली आणि विचारलं, "कळतंय?"

"काय कळतंय?" नानासो म्हणाला.

लीलाबाई आईच्या पोटातून पायांकडून बाहेर आली, आणि आष्ट्यात तिला नाव पडलं. कुणाच्या कमरेत उसण भरली की तो माणूस वाकडातिकडा होत तिच्या दारात यायचा. त्याला उंबऱ्याशी पालथं पाडून ती डावा पाय तीनदा टेकवायची. पैसे घ्यायचे नाहीत आणि आलेल्याला माघारी धाडायचं नाही, हा आईनं घालून दिलेला दंडक. पायाळूला पुरलेलं धन दिसतं म्हणतात. लीलाबाईला उभ्या जन्मात फुटकी कवडी दिसली नव्हती. दिसल्या त्या लोकांच्या पाठी.

तिचा नवरा नानासो पाणीपुरवठा संस्थेचा पाटकरी. उसाला पाणी सोडत दिवसभर बांधावरून चालायचं, हीच त्याची नोकरी. गेल्या दिवाळीनंतर त्याची पाठ धरली. माणूस आडवं झालं की पाठीला बरं वाटतं; याची पाठ आडवं झाल्यावरच ठणकायची. तो उठून बसायचा आणि पहाटेची वाट बघायचा.

"गाव तुझ्या पायानं सरळ व्हतंय, आन् घरचा मातूर वाकडा," तो एकदा म्हणाला. लीलाबाईनं कानांवर हात ठेवले. बायकोनं नवऱ्याला पाय लावायचा म्हणजे पाप. शेवटी दोघांनी मिळून तोड काढली. आधी पाठीवर पाय द्यायचा, मग त्याच्याच पायांवर डोकं टेकायचं, म्हणजे फिट्टंफाट. नानासोला त्याचं हसू यायचं. "लाथ बी घालती आन् पाया बी पडती. असली बायकू मिळाया नशीब लागतंय."

पाय टेकवून भागेना तेव्हा तिनं टाच दिली. टाच पुरेना तेव्हा ती भिंतीला धरून अख्खी उभी राहिली. वैशाखात बांधावर त्याची चप्पल पायातून गळून पडली आणि घरी येईपर्यंत त्याला पत्ताच नव्हता. दोघं पोटभर हसली. मग एका सकाळी पाय देऊन झाल्यावर ती वाकली, कपाळ त्याच्या दोन्ही पावलांवर ठेवलं, आणि उशीतून आवाज आला, "आगं, आज पाया पडायचं इसरलीस व्हय?"

तिचं कपाळ तिथंच होतं. नवरा थट्टा करतोय असं समजून तिनं त्याच्या पोटरीला चिमटा काढला आणि चुलीकडे गेली. चिमट्यालाही तो ओरडला नव्हता, हे तिला फार उशिरा आठवलं. आषाढ संपेपर्यंत नानासो भिंत धरून चालू लागला, आणि मग भिंतही पुरेना.

मिरजेत पाठीत सुई घालून, औषध सोडून एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला. "मणक्यांच्या आतून एक नळी जाते. तिच्यात दोरीसारखी जाड नस असते. पायांना हुकूम जातो तो तिच्यातून. त्या नळीत गाठ झालीय. दोरीच्या बाहेर आहे, पण दोरीला चेपतेय. मागून मणक्याची कमान कापायची, आवरण उघडायचं आणि गाठ सोडवायची. बहुतेक कॅन्सरची नसावी. काढल्यावर तपासून सांगू."

"मग चालतील न्हवं?"

"गाठ निघेल. पण दोरी फार दिवस दबलीय. चालणं तिच्या हातात."

ऑपरेशनच्या दिवशी लीलाबाई व्हरांड्यात भिंतीशी बसून होती. जाणारे-येणारे तिला ओलांडून जात होते. तिनं दोन्ही पाय लुगड्यात ओढून घेतले होते, कुणाच्या दृष्टीला पडू नयेत असे. रडायचं म्हटलं तर रडायलाही अंगात त्राण नव्हतं. गेल्या सालभरात ती पुरी झोपली नव्हती.

डॉक्टर बाहेर आले. "सगळी निघाली. चिंचोक्याएवढी होती."

एवढ्याशा चिंचोक्यानं एवढा माणूस पाडला. लीलाबाई भिंतीचा आधार घेत उठली. "येक इचारू? माझ्या पायानं झाली का ती?"

"नाही. कशानं होते ते मलाही सांगता येणार नाही. पण अशा पाठीवर उभं राहायचं नसतं. आणि तुम्ही सांगितलंत ती चप्पल गळाली तेव्हाच आला असता, तर बरं झालं असतं."

निम्मं ओझं उतरलं आणि निम्मं तिथंच राहिलं. कुठलं निम्मं जड, ते तिला ठरवता येईना.

गाठ साधी निघाली. दसऱ्याच्या सुमारास नानासोला जीपमधून आष्ट्याला आणलं आणि खाटेवर ठेवलं. पाण्याच्या पाळ्या दुसरा माणूस बघू लागला. लीलाबाई सकाळ-संध्याकाळ नवऱ्याचे पाय वाकवून सरळ करायची. पाय तिच्या हातात यायचे आणि ती ठेवील तिथं पडून राहायचे.

एके सकाळी अर्जुना हमाल कमरेत काटकोन करून दारात आला. "वैनी, उसण भरली. पाय लावा."

"रातीला आडवं झाल्यावर दुखतंय?"

"न्हाई."

"मुंग्या? पाय जड? चप्पल गळती?"

"आवं, आत्ता पोतं उचललं आन् आत्ता भरली! तुमी डाक्टर झालासा काय?"

"मी आता पाय लावत न्हाई कुनाला."

अर्जुना तसाच वाकून तिच्याकडे बघत राहिला. आतून नानासो म्हणाला, "लाव की गं. आल्याला माघारी धाडू ने."

"तुमी बोलू नगा!" ती इतक्या जोरात ओरडली की तिची तीच दचकली. "तुमच्या पाठीवर नाचले मी. नाचले!"

"व्हय. आन् नाच म्हनलं कुनी? मीच की." खाट करकरली. "दोगांनी मिळून केलंया. तू येकटीनं किती खाशील सोताला?"

लीलाबाई दाराला टेकून उभी राहिली. आता रडू आलं. ते तिनं पदरात रडून घेतलं. मग अर्जुनाला पालथं पाडून तिनं पाय टेकवला, बाळाच्या अंगावर टेकवावा इतका हलका. "चार दिसांत दुखायचं न्हाई राह्यलं तर मिरजंला जायाचं. मीच घिऊन जाईन." अर्जुना बरं वाटल्यासारखा निघून गेला.

ती आत आली. नानासो दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून खाटेखाली सोडत होता. मग डावा. ती धरायला धावली नाही. त्यांचं त्यांना करू द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पावलं फरशीला टेकली. नानासो खाली मान घालून बसला.

"ह्यो गार लागतोय," तो उजव्या पायाकडे बघत म्हणाला.

"आन् त्यो?"

"त्यो न्हाई."

लीलाबाई फरशीवर बसली. डावा पाय उचलून तिनं मांडीवर घेतला आणि तळहातानं घासू लागली.

"आता?"

"न्हाई."

ती घासत राहिली.