पान उलटेपर्यंत

या, जरा जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे यावं, कारण ही गोष्ट आवाज चढवून सांगण्यासारखी नाही. देवाच्या घरी दुसऱ्याचा सूर धरून ठेवणाऱ्यांची वेगळी पंगत बसत असेल, तर तिथल्या एका माणसाची आणि त्याच्या शेजारणीची ही गोष्ट आहे. मन लावून ऐका.

रोवेना प्रॅटने फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात दाबून धरला होता आणि दोन्ही हातांनी ती व्हायोलाच्या, म्हणजे व्हायोलिनहून जरा मोठ्या, खर्जातल्या वाद्याच्या, गजाला राळ घासत होती.

"व्हायोलावाले किती आहेत तुमच्याकडे?" तिने विचारलं.

"आठ होते, आता सहा," पलीकडचा म्हणाला. सरोवराच्या दुसऱ्या काठावरच्या शहरात तो चेलो वाजवायचा. "पण पगार वाढला हं. आता आम्ही तुमच्या पुढे."

"आणि ते दोघं कुठे गेले?"

"एक निवृत्त झाला, एक वारला. त्या जागा भरल्या नाहीत, इतकंच. कुणाला काढलं नाही बाई आम्ही. हात स्वच्छ आहेत आमचे."

रोवेनाचा राळ घासणारा हात थांबला.

वाद्यवृंदाचा करार संपत आला की आपल्याएवढ्याच शहरांतल्या वादकांना फोन करून विचारायचं: पगार किती, माणसं किती. मग त्या जोरावर मॅनेजरसमोर बसायचं. ही तिथली जुनी रीत. यंदा वादकांच्या समितीने ते काम रोवेनाकडे दिलं होतं. तिने पाच शहरांत फोन केले आणि पाचही ठिकाणांहून एकच उत्तर आलं. जिथे पगार वाढले होते, तिथे खुर्च्या कमी झाल्या होत्या.

तिच्या शेजारची खुर्चीही ईस्टरपासून रिकामी होती.

व्हायोलावाले स्वरलिपीची पानं ठेवलेल्या एका स्टँडपाशी दोघे बसतात. श्रोत्यांच्या बाजूचा वाजवत राहतो आणि आतल्या बाजूचा क्षणभर गज थांबवून पान उलटतो. गाणं तुटत नाही ते त्यामुळे. तिसऱ्या स्टँडवर थॅडियस गेन्स वाजवत राहायचा आणि रोवेना पान उलटायची. इतकी वर्षं, की तिच्या थोरल्या मुलाला आता टक्कल पडायला लागलं होतं.

"माझे वडील प्रवचन गायचे," थॅडियस सांगायचा. अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामातल्या एका लाकडी चर्चमध्ये त्याचं बालपण गेलं होतं. "गाता गाता ते दम घ्यायला थांबले, की मागच्या बाकावरच्या बायका त्यांचा सूर उचलून धरायच्या. श्वास रिकामा सोडायचा नसतो, रोवेना. तू बिनधास्त उलट पान. मी आहे."

दवाखान्यात शेवटी शेवटी त्याचा आवाज खोल गेला होता. तरी त्याने तिला खूण करून जवळ बोलावलं. "फूलबील एक दिवस पुरे. मग एखाद्या पोराला बसवा तिथे. बसवाल ना?"

"बसवू," रोवेना म्हणाली होती.

तो गेल्यानंतरच्या पहिल्या कार्यक्रमाला त्यांच्या रिवाजाप्रमाणे खुर्चीवर पांढरं फूल ठेवलं. पुढे फूल सुकलं. खुर्ची तशीच राहिली.

रंगमंचाखालच्या खोलीत सगळे वादक जमले. मॅनेजरचा प्रस्ताव सोपा होता. रिकाम्या तीन जागा भरायच्या नाहीत आणि उरलेल्यांचा पगार इतर शहरांच्या बरोबरीला आणायचा. रोवेनाने उभं राहून पाचही शहरांची हकिकत सांगितली.

"म्हणजे आपणही मेलेल्यांच्या खुर्च्या विकून खायच्या," नगारे वाजवणारा म्हातारा बार्टोश म्हणाला.

"तुम्हाला काय जातंय बोलायला, काका? तुमच्या घराचं कर्ज केव्हाच फिटलं." हा डारिओ, हॉर्नवादक, सगळ्यांत तरुण. पगारात भागत नाही म्हणून पहाटे तो शाळेची बस चालवायचा. "मी झोपेत इथला हॉर्न वाजवतो आणि झोपेतच बसचा."

"बसचा जास्त सुरात असतो," बार्टोश म्हणाला, आणि खोलीभर हसू पसरलं. डारिओही हसला. मग त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला.

"जानेवारीत बाळ येतंय. जमलं नाही तर हॉर्न विकतो आणि सासऱ्याच्या गोदामात खोकी उचलतो. थॅडियसने मला पहिल्या दिवशी स्वतःचा डबा दिला होता, रोवेना. मी काही विसरलो नाही. पण त्याला आता पगार लागत नाही. मला लागतो."

बार्टोशने आपली टोपी उलटी करून मतांच्या चिठ्ठ्यांसाठी फिरवायला दिली.

रोवेनाने पेन्सिल काढली. थॅडियसचीच होती ती, स्टँडला दोऱ्याने बांधलेली असायची. समोर डारिओ भिंतीला डोकं टेकून बसला होता. टोपी त्याच्यापर्यंत पोचायच्या आत त्याला डुलकी लागली. तोंड अर्धवट उघडं, लेकरासारखं. रोवेना त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने चिठ्ठीवर 'हो' लिहिलं, घडी घातली आणि टोपीत टाकली.

प्रस्ताव थोडक्या मतांनी पास झाला.

नव्या मोसमाच्या पहिल्या तालमीला रोवेना आली, तर तिसऱ्या स्टँडपाशी एकच खुर्ची. मुख्य धून व्हायोलांकडे असलेला संथ भाग चालला होता. पान संपलं, सवयीने तिचा हात पुढे गेला, पान उलटलं, आणि शेजारी इतकी वर्षं जे वाजत राहायचं ते वाजलं नाही.

"इतक्यांत कुणाला ऐकू येतंय," मधल्या सुट्टीत कॉफी पिता पिता बार्टोश म्हणाला.

"मला येतं," रोवेना म्हणाली.

त्याच आठवड्यात ऑर्थेलियाचा फोन आला. थॅडियसची बायको. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ती घराबाहेर पडत नसे. रविवारचा कार्यक्रम रेडिओवर ऐकायची.

"काय गं पोरी, विसरलीस ना म्हातारीला?"

"नाही हो, मिस ऑर्थेलिया. येणारच होते." तिकडे थोरल्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मानाने 'मिस'च म्हणतात.

"येणारच होते म्हणे! बरं, ते जाऊ दे. थॅडियसच्या जागेवर पोरगा बसवलात का? मी रोज देवापाशी मागते त्याच्यासाठी. नाव माहीत नाही, म्हणून नुसतं 'तो पोरगा' म्हणते. देवाला कळतं."

रोवेनाने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"शिकतोय अजून," ती म्हणाली.

फोन ठेवला. मग व्हायोला काढून तिने त्या संथ भागाच्या पुढच्या पानावरच्या सुरुवातीच्या ओळी घोकायला घेतल्या. आठवडाभर तेच. भांडी घासतानाही डाव्या हाताची बोटं ओल्या बशीच्या काठावर चालायची. नवरा म्हणाला, "अगं, फुटेल ती." फुटलीही.

रविवारी संथ भाग आला. पान संपलं. पुढच्या-मागच्या स्टँडवर सळसळ झाली, आतल्या बाजूच्यांचे हात पुढे गेले, सूर विरळ झाला. रोवेनाने पानाला हात लावला नाही. डोळ्यांपुढे संपलेलं पान आणि गजाखाली पुढचं, अशी ती वाजवत राहिली. धून व्हायोलांकडून सुटली आणि सगळा वाद्यवृंद क्षणभर थांबला, तेव्हा कुठे तिने पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"ऐकलं गं," ऑर्थेलिया म्हणाली. "ती पान संपायची जागा आहे ना, थॅडियस घरी तीच घोकत बसायचा. माझे कितीतरी स्वयंपाक त्या ओळीवर झालेत. काल सूर तुटला नाही. छान धरला."

"हो," रोवेना म्हणाली.

"पानाचा आवाज तेवढा उशिरा आला. सगळं थांबल्यावर. एकाच पानाचा."

पलीकडे रेडिओ बारीक आवाजात चालू होता. कुणीतरी हवामान सांगत होतं.

"एकटीने धरून दमत असशील," ऑर्थेलिया म्हणाली.

तर मंडळी, गोष्ट इथेच थांबते. आता उठाल, घरी जाल, देवापुढे हात जोडाल, तेव्हा थॅडियसचं नाव घेतलंत तर बरंच आहे. पण त्याचं नाव घेणारी माणसं आहेत. तुम्ही त्या पोराची आठवण ठेवा, जो त्या खुर्चीवर कधी बसलाच नाही. कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी खोलीत तो अजून तीच ओळ घोकत असेल. त्याचं नाव मला माहीत नाही. ऑर्थेलियालाही नव्हतं.