खाली वळवायची फांदी

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी हैबतरावांना बजावलं, तीन महिने चिखलात पाय ठेवायचा नाही. नेमकी भाताची लावणी तोंडावर. खाचरात मजूर बाया, आणि हे मुळशीतल्या घराच्या पडवीत खुर्चीवर. दोन दिवसांत त्यांनी बायकोला, चंद्राबाईंना, इतकं पिडलं की त्यांनी हिंजवडीत नोकरी करणाऱ्या लेकीला फोन केला, "सायली, तुझ्या बापाच्या हाताला काय तरी काम दे बाई."

शनिवारी सायली एक उंच, निमुळती कुंडी घेऊन आली. तिच्यात वीतभर जुनिपर होतं, दिसायला सुरूसारखं, हाताला काटेरी. सोबत ॲल्युमिनियमच्या तारेचं वेटोळं.

"आप्पा, हे बोन्साय. कड्यावर उगवलेलं झाड दरीत लोंबतं ना, तसं याला कुंडीबाहेर खाली वळवायचं."

"ताम्हिणीच्या कड्यावरच्या झाडांस्नी तारा कुणी गुंडाळल्या व्हत्या?"

"व्हिडिओ पाठवलाय, बघा," म्हणून ती गेली.

व्हिडिओतला माणूस हिंदीत गोड बोलत चार मिनिटांत झाड वाकवायचा. हैबतरावांना दोन दिवस लागले, तेही नुसती तार गुंडाळायला. सैल गुंडाळली की फांदी हळूच पुन्हा वर यायची, आवळली की साल चेपायची. बोटांत काटे मोडले ते वेगळेच.

"जलमभर झाडांस्नी आधार देऊन उभं केलं," ते चंद्राबाईंवर ओरडले, "आन ह्याला मुद्दाम पाडायचं!"

"माझ्यावर कशाला वरडताय? मी आणलंय व्हय?"

तिसऱ्या दिवशी त्यांनी वैतागून फांदी एकदम खाली दाबली. कट्ट! निम्मी मोडली.

हैबतरावांनी आजवर आंब्याची कितीतरी कलमं बांधली होती. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीची पट्टी कापली, मोडलेली जागा जुळवली आणि गच्च बांधली. सायलीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा चांगली बाजू पुढे धरली.

"आप्पा, मागून दाखवा ना."

"रेंज न्हाई हितं," म्हणून त्यांनी फोन कापला.

महिना गेला. फांदी हिरवीगार. हैबतराव खूश झाले. येणाऱ्या-जाणाऱ्याला कुंडी दाखवू लागले. मग सायली आली. तिनं नखानं साल जराशी खरवडली. आत तपकिरी, कोरडं.

"आप्पा, ही फांदी कधीच मेलीय. जुनिपर मेलं तरी कितीतरी आठवडे हिरवंच दिसतं."

 हैबतरावांचा आवाज चढला. "भात पिवळं पडून सांगतं. आंबा मान टाकतो. आन ह्ये मरून पडलंय, तरी मी महिनाभर त्याचं कौतुक करतुया! ही काय रीत झाली?"

"मोडली कधी?"

"तिसऱ्याच दिवशी," ते तोंड फिरवून म्हणाले.

सायली पायरीवर बसली.  "माझी दोन झाडं पूर्ण मेली," ती म्हणाली. "बोन्सायच्या क्लासमध्ये सगळ्यांची जमली, माझीच नाही. हे तिसरं. हात लावायची भीती वाटली, म्हणून तुम्हाला दिलं."

"म्हंजे तुला येत न्हाई, ते मला शिकवत हुतीस?"

"हो."

"लई भारी!" त्यांनी कपाळावर हात मारला. पण कुंडी ढकलली नाही. चष्मा लावून ते खोड खालपासून न्याहाळू लागले. बुंध्याजवळ, विरुद्ध बाजूला, काडीएवढी एक फांदी होती. त्यांनी तिची साल खरवडली. आत ओलं, हिरवं.

"ही जित्ती हाय. कुंडी फिरव."

मेलेली फांदी कापली. सायलीनं बुंधा धरला, हैबतरावांनी तार गुंडाळली. "आप्पा, तिरकी." "तिरकीच हाय." "अंतर सारखं ठेवा." "तू नीट धर आधी." तासभर असं चाललं. चंद्राबाईंनी आणलेला चहा तसाच निवला. तार पहिल्यांदाच नीट बसली. फांदी जेमतेम दोन बोटं खाली आली आणि सायली म्हणाली, "बास."

"येवढंच?"

"एवढंच. पुढचं सहा महिन्यांनी."

"सहा म्हयन्यांत भात निघतंय, मागनं हरभरा बी येतुया!" हैबतराव भडकले. "आन ह्ये दोन बोटं?"

सायली हसत सुटली. ते हसले नाहीत. पागोळीचं पाणी कुंडीत पडत होतं. पुटपुटत त्यांनी ती काठीनंच भिंतीकडे सरकवली आणि निवलेला चहा पुन्हा गरम करायला सांगितला.