चिंचेच्या पाण्यातून वाचलेला हत्ती

मित्रांनो, मी एक जुनं नाणं आहे. इतकं जुनं, की मला घेऊन कलकत्त्याच्या एस्प्लनेडच्या बाजारात गेलात तर साधा चहाही मिळायचा नाही! सातवाहनांच्या काळात कुणा कारागिरानं धातूवर ठसा मारला आणि माझ्या अंगावर सोंड उंचावलेला हत्ती उमटला. त्याच्याभोवती ब्राह्मी अक्षरं: ‘रञो सिरि सातकणिस’. राजा श्री सातकर्णीचं, असा त्याचा अर्थ.

मी ज्यांच्या घरी राहतो, त्या चंद्रकांत आजोबांच्या आजोबांनी नोकरीसाठी कलकत्त्याला येताना मला जुन्नरहून कनवटीला लावून आणलं. देव्हाऱ्यात हळदकुंकू मिळालं, फुलं मिळाली. वाचलं मात्र कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या चंद्रकांत आजोबांनीच.

त्यांची सून मुग्धा भारी काळजी करणारी. लेकीनं मला तोंडात घातलं तर? गेल्या दिवाळीत देवाची भांडी उजळताना तिनं मलाही चिंच-राखेनं खसाखसा घासलं. मी चकचकीत झालो खरा, पण ‘रञो’ पुसून गेलं. आजोबांनी भिंगातून पाहिलं आणि काही न बोलता मला जागेवर ठेवलं.

म्हणून यंदाही मुग्धानं मला चिंचेच्या पाण्यात सोडलं. नेमकी त्याच सकाळी आजोबा नातीला, शर्वरीला, माझी अक्षरं शिकवणार होते. ती भिंग घेऊन धावत आली.

“आई! त्याला चिंच नको लगाव!”

“‘लगाव’ नाही गं, ‘लाव’,” मुग्धा सवयीनं म्हणाली. लेकीची मराठी निसटत चाललीय, हा तिचा रोजचा घोर.

शर्वरीनं वाडग्यात हात घालून मला काढलं, फ्रॉकला पुसलं. “त्याच्यावर लिहिलंय! मागच्या टाइमला पण गेलं, आजोबा बोलले!”

मुग्धाचा चेहरा उतरला. “बाबा, मला का नाही सांगितलंत?”

“सणासुदीला तुझा हिरमोड नको वाटला गं.”

आजोबांनी शर्वरीचं बोट उरलेल्या अक्षरांवर ठेवलं.

“आजोबा, ही मराठी आहे?”

“मराठीची पणजी म्हण.”

“सि… रि… सा… त…” शर्वरी अडखळत होती. मुग्धानं भिंग नीट धरलं. तिनं एकदाही लेकीला टोकलं नाही, फक्त डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, “पुढे वाच, बाळा.”

मित्रांनो, आम्हा जुन्यांना चमकवू नका. कोरड्या मऊ कापडात ठेवा, आणि अधूनमधून काढून वाचा. अडखळत वाचलंत तरी चालेल.