दोनशे बारा पानं

संग्रहालयाचं पत्र नळ दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने दोनदा वाचलं. बायको वारल्यावर तिचा जुना लॅपटॉप त्याने महिन्यापूर्वी तिथे दिला होता. चार्जर, माउस, फ्लॉपी ड्राइव्ह, बॅग, सगळ्यासकट. आत दोनशे बारा पानांची फाइल सापडली, पण ती खराब आहे, नुसती चिन्हं दिसतात. तुमच्या संमतीनुसार मंगळवारी अकराला सगळं पुसून टाकू, असं लिहिलं होतं.

आज मंगळवार. साडेदहा झाले होते.

संमती त्यानेच दिली होती. दवाखान्याच्या वर्षभरात पुढे येईल त्या कागदावर सही करायची सवय लागली होती. तिथेही तशीच ठोकली.

घशाच्या ऑपरेशननंतर बायकोचा आवाज गेला होता. ती टाइप करायची, पडदा त्याच्याकडे वळवायची आणि तो तोंडाने उत्तर द्यायचा. मागचं ती पुसून टाकते, असंच तो धरून चालला होता. पण दोनशे बारा पानं म्हणजे तिने काहीच पुसलं नव्हतं.

संग्रहालयाचे तीन जिने चढून तो दुरुस्तीच्या खोलीत शिरला.

"पुसलं का?"

"मिस्त्रीकाका, आधी बसा," दुरुस्तीवाली बाई म्हणाली. "आमच्याकडे चार्जरला वेगळा नंबर, वेगळं कपाट. तो आत्ता कुठे आला, अजून काही पुसलं नाही."

"फाइल खराब नाही हो. बायको टायपिंगची कामं घ्यायची. जुना मराठी फाँट आहे. तुमच्या कॉम्प्युटरवर तो नाही, म्हणून कचरा दिसतो. ह्या लॅपटॉपवरच उघडा."

बाईचा चेहरा पडला. "आम्ही फ्लॉपीवर उतरवून पाहिली आणि कचरा समजून ती प्रत काढून टाकली. आता फ्लॉपी ड्राइव्हही बिघडलाय. ह्याची डिस्क करकरतेय, काका. आज चालू झाला तर झाला. उद्याचं सांगता येत नाही."

"मग?"

"मी मोबाइलवर फोटो काढते. तुम्ही पान पुढे ढकला. हे बटण."

लॅपटॉप घरघरला. पडदा उजळला, फाइल उघडली.

'अहो, जगाचे नळ दुरुस्त करता आणि आपला मेला रात्रभर टपटपतो.'

तो हसला, आणि तिथेच अडकला.

"काका, वाचू नका! पुढे!"

त्याने बटण दाबलं. फोटो. पुन्हा बटण. 'गोळी घेतली म्हणता, मग पाकीट भरलेलं कसं?' पुढे. 'तुम्हाला झोप' पुढे. तिचं वाक्य अर्धवट तोडून पुढे जायचं, हे त्याने जन्मात कधी केलं नव्हतं. केलं असतं तर खैर नव्हती.

एकतिसाव्या पानावर आतून खट्ट झालं. पडदा क्षणभर काळा पडला. पडदा परत आला, पण आता मधोमध एक आडवी रेघ होती.

"थांबू का?" त्याने विचारलं.

"थांबलात तर गेलं."

त्याने पडद्यावरची नजर काढून बोटावर ठेवली. तो बटण दाबत राहिला. पडद्याकडे त्याने पुन्हा पाहिलं नाही. बाई आकडे मोजत होती. "बत्तीस. तेहेतीस. चालू द्या, काका."