माझ्या पोटातले तीन किलो

मित्रांनो, माझ्याकडे दोन आकडे आहेत. एक खाली, लोखंडाचा. त्याला माल लटकतो. दुसरा वर, तबकडीवरचा. तो लोक वाचतात. पहिला आकडा अजून मजबूत आहे. दुसऱ्याबद्दल बोलायला मात्र मला आजवर तोंड नव्हतं. मी ग्गाबा नावाच्या सरोवरकाठच्या गावातल्या मासळीबाजारातला एक जुना ताणकाटा आहे, आणि आज मी सगळं सांगून टाकणार आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी अगदी सरळमार्गी होतो. मासळी विकणाऱ्या तेओपिस्ताबाईंनी मला सरोवराच्या धक्क्यावर टांगलं आणि मी इमानाने मासे तोलू लागलो. पुढे कुणीतरी मला उसनं नेऊन बैलाची अख्खी तंगडी लटकवली आणि माझी स्प्रिंग तुटली. लोहाराने दुसरी बसवली, ती मवाळ निघाली. किलोभर मासा लटकवला की मी दीडशे ग्रॅम वाढवून सांगू लागलो. बाईंना हे पहिल्याच दिवशी कळलं. त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं, मला फडक्याने पुसलं आणि त्या गप्प बसल्या. मीही गप्प बसलो. मला बोलता कुठे येतं?

अशी चौदा वर्षं गेली. बाई दर रविवारी चर्चमध्ये जात, फादरांपुढे आपली सगळी पापं सांगत, जमलं तर शेजारणीचीही. माझं नाव तेवढं राहून जाई. आणि गिऱ्हाइकं म्हणत, "काटा असावा तर तेओपिस्ताचा!" ही स्तुती ऐकून मला लाजेने गंज चढायचा.

बाईंची भाची नांतेझा वर्तमानपत्रात लिहिते. दर शनिवारी तिचं सदर येतं, 'सध्या माझं लाडकं'. काय वाचलं, काय ऐकलं, काय पाहिलं, सगळं त्यात. ग्लासगोच्या पुस्तक-मेळ्याने तिला दोनदा बोलावलं होतं आणि दोन्ही वेळा व्हिसा नाकारला गेला होता. तिसऱ्या खेपेला तो मिळाला. तिने आपल्या सध्याच्या लाडक्या गोष्टी तिथे न्यायच्या आणि त्यांच्याविषयी बोलायचं, असं ठरलं होतं. बॅग तेवीस किलोंची, त्यावर एक ग्रॅमही चालणार नव्हता.

निघायच्या दिवशी सकाळी बॅग तोलायला मला बाईंच्या अंगणातल्या फणसाच्या फांदीला टांगलं. नांतेझाच्या लाडक्या गोष्टी मी तिथेच पहिल्यांदा पाहिल्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या एका बाईंची नऊशे पानांची कादंबरी होती. तिच्यात आठशे पानं झाली तरी नायिकेचं लग्न ठरत नाही. झाडाच्या सालीच्या कापडावर रंगवलेलं एक चित्र होतं. व्हिडिओ-घरात परदेशी सिनेमे आपल्या भाषेत सांगणाऱ्या एका गड्याच्या ध्वनिफिती होत्या; पडद्यावर गुंडाने बंदूक काढली की हा म्हणतो, "अरे बाबा, आधी जेवून तरी घे!" आणि एक ढोल होता. मुलींनी ढोलाला हात लावायचा नाही, असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना एका शाळेच्या पोरींनी ज्या ढोलावर नाचायला लावलं, तोच. पोरींनी तो स्वतः आणून दिला होता. "तिकडे एकदा तरी वाजवा, ताई," एवढंच त्यांचं मागणं होतं.

पण परदेशी जाणाऱ्याची बॅग आमच्याकडे कधी एकट्याची नसते. बाईंचं जुनं गिऱ्हाईक, शिंपी कासुले, तिकडच्या पुतण्यासाठी तळलेले नाकतोडे घेऊन आला. त्याची बायको प्रोस्कोव्हिया बहिणीसाठी शेंगदाण्याचा लगदा घेऊन आली. बाईंनी स्वतः सुक्या मासळीची दोन पुडकी कोंबली. मग बॅग माझ्या आकड्याला लागली. माझा काटा सरसर फिरला आणि सव्वीसवर थांबला.

"तीन किलो जास्त!" कासुले ओरडला. "ते पुस्तक काढ. एवढी पानं कोण वाचणार?"

"तुझे नाकतोडे काढ," प्रोस्कोव्हिया म्हणाली.

"नऊ वर्षं पोराने नाकतोड्याचं तोंड पाहिलेलं नाही! तुझा लगदा काढ!"

नांतेझाने बॅग उघडली आणि ढोल बाहेर काढला. आता मी तेवीस दाखवले.

"राहू दे," ती म्हणाली. "मी तिकडे तोंडानेच वाजवून दाखवीन. डुम्‌-डुम्‌-डाम्‌..." तिसऱ्या बोलाला तिचा आवाज फाटला.

मित्रांनो, त्या बॅगेत ढोलाला जागा होती. हे त्या अंगणात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकाला जीभ नव्हती. एकेका माशामागे माझी लबाडी चिमूटभर असे. त्या दिवशी तिची चांगली तीन किलोंची रास झाली होती. मी बाईंकडे पाहिलं. बाई आपल्या गिऱ्हाइकांकडे पाहत होत्या.

"थांब पोरी," बाई म्हणाल्या. "ढोल परत घाल. हा काटा खोटं बोलतो."

"कधीपासून?" कासुलेने विचारलं.

बाईंनी घसा साफ केला. "चौदा वर्षं."

कुणाचाच विश्वास बसेना. तेव्हा बाईंनी घरातून मक्याच्या पिठाची दहा किलोंची सीलबंद पिशवी आणून मला लटकवली. मी साडेअकरा म्हणालो.

आमच्याकडे धाकट्याने थोरांपुढे गुडघे टेकायचे असतात. तेओपिस्ताबाई त्या अंगणात सगळ्यांत थोर होत्या. त्यांनी गुडघे टेकले.

"चौदा वर्षं!" कासुलेला कंठ फुटला. "तरी मी म्हणायचो, मासा कढईत एवढा आक्रसतो कसा!"

"म्हणायचास नाही, मला बोलायचास!" प्रोस्कोव्हिया कडाडली. "मी कढईतूनच अर्धा मासा फस्त करते, असं तुझ्या आईलासुद्धा सांगितलंस! आधी माझी माफी माग!"

मग कासुलेलाही गुडघे टेकावे लागले. बाई आणि तो समोरासमोर तसे बसलेले पाहून पहिल्यांदा नांतेझा हसली, मग प्रोस्कोव्हिया, आणि मग सगळं अंगण.

विमानतळावर बॅग भरली बावीस किलो सहाशे ग्रॅम, ढोलासकट. पोचवून आल्यावर बाईंनी हा आकडा मला तीनदा ऐकवला.

सोमवारी धक्क्यावर नवा काटा टांगला गेला. बाईंनी महिनाभर प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला एक मासा वर घातला. काही जण तरीही परत आले नाहीत, आणि बाईंनी त्यांना नावं ठेवली नाहीत. मी आता ओसरीवर असतो. मित्रांनो, आम्हा काट्यांना नुसतं पुसून चकाकवू नका. ज्याचं वजन पक्कं माहीत आहे असं काहीतरी अधूनमधून आम्हाला लटकवून बघा. आम्ही बिघडलो की आम्हाला कळतं, पण सांगता येत नाही. ज्यांना सांगता येतं, त्यांनी चौदा वर्षं थांबू नये.

पुढच्या एका शनिवारी नांतेझाचं सदर आलं. प्रोस्कोव्हियाने ते ओसरीवर मोठ्याने वाचलं. ग्लासगोत ढोल वाजला होता, तिकडचे म्हातारेही नाचले होते. यादीत शेवटी लिहिलं होतं: 'सध्या माझं सगळ्यांत लाडकं: माझ्या आत्याचं एक वाक्य.' वाक्य कोणतं, ते तिने छापलं नव्हतं.

बाईंनी पदराने डोळे पुसले. "एवढी वर्षं ताजी मासळी विकली, आणि पेपरात आले ती कशासाठी!" म्हणत त्यांनी तेवढा कागद कापला आणि माझ्या आकड्याला अडकवला.

काटा शून्यावरून हलला नाही. चौदा वर्षांत अंगावर काहीतरी घेऊन मी पहिल्यांदाच बरोबर सांगत होतो.