पायलीचा अंगठा

नत्थूजींनी तळहातावरची तंबाखू दोनदा थापटली, चिमूट ओठाखाली सारली आणि शाळेच्या ओसरीवर बसलेल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं,

"आता मी जे सांगतो न, ते तुमच्यातल्या एकाले बी खरं वाटणार नाई."

"तुमचं कोणतं खरं वाटलं आजवर?" मागून कोणीतरी म्हणालं.

ओसरी हसली, पण हसू लगेच विरलं. सकाळपासून आभाळ भरून होतं आणि फुटलेला कापूस झाडावर तसाच होता. त्यात राज्यांच्या सीमा बदलून आठवडाही झाला नव्हता. नागपूर तिकडे गेलं, मोहगाव आणि भोवतालची ही लहान लहान गावं इकडे राहिली. नागपूरच्या दवाखान्यात आता आपल्या माणसाला घेतील की नाही, हे ठामपणे सांगणारं गावात कोणी नव्हतं. ज्याला त्याला वाटत होतं, आजारी पडायला हे वर्ष बरं नाही.

बैठक बोलावली होती पुंडलिकरावांनी. गावात त्यांचा शब्द चाले, आणि नीट चाले, कारण ते स्वतःच्या घरापासून सुरुवात करत. स्वातंत्र्य आलं त्या सालीच त्यांनी आजाराची कोठी उभी केली होती. ज्वारीची रास झाली की दर घरानं एक पायली कोठीत घालायची. त्या धान्यावर एक बैलजोडी आणि टप असलेली दमणी आजाऱ्यासाठी राखून ठेवायची, आठवड्यातून एकदा सौंसरच्या डॉक्टरला आणायचं, कोणी फार दुखणाईत असेल तर त्याला दमणीत घालून सौंसरला पोचवायचं. पायली घातली की दमणी हाकणारे नत्थूजी त्या घराच्या दाराशेजारी भिंतीवर गेरूत बुडवलेला अंगठा उमटवत. वळचणीखालचा तो अंगठा पावसातही टिके. दिवाळीला बाया पांढऱ्या मातीनं भिंती लिपत, तेव्हा अंगठ्याभोवती हातभर जागा तशीच सोडत. अख्खी भिंत लख्ख आणि मध्ये एक मळका चौकोन. पाहुण्यांना ते विचित्र दिसे. गावाला तो चौकोन दिसला की धीर वाटे.

अंगठा नाही त्या दारी दमणी थांबायची नाही, असा पहिल्या वर्षांचा नियम होता. पाच वर्षांपूर्वी, शिवेवरच्या घरची केसरबाई दमणीतच वारली त्या दिवाळीनंतर, तो कोणी मोडला नाही आणि पाळलाही नाही. तो नुसता सैल पडला.

आज पुंडलिकराव तो पुन्हा आवळायला निघाले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. औंदा अकरा घरांनी पायली घातली नव्हती, कोठी अर्धी रिकामी होती. घालणारे विचारू लागले होते, की फुकट दमणी मिळते तर आम्ही का घालावी. तेव्हा ज्याची पायली नाही त्याला दमणी नाही, आणि पुढच्या राशीला त्याच्याकडून दंडाच्या तीन पायल्या.

"आजारपण पायली पाहून येत नाई, हे मले बी समजते," ते म्हणाले होते. "पण बैल खाल्ल्याबिगर चालत नाई, त्याले मी काय करू?"

श्रीधर मास्तरांनी मान डोलावली होती आणि ठराव लिहायला कागद पुढे ओढला होता.

खांबाला टेकून बसलेली पंचफुला त्या अकरा घरांपैकी एका घरची. गेल्या साली तिच्या ज्वारीवर काणी पडली, कणसं काळी पडून गेली. तिच्या सुनेचे दिवस भरत आले होते आणि दाईनं पोटावर हात फिरवून मूल आडवं आहे असं सांगितलं होतं. पंचफुला खांबापासून पुढे सरकली. पदर सावरून एवढंच म्हणाली,

"मी दोन पायल्या घालतो, भाऊ. पण पीक यायच्या आधी लेकरू येते न."

पुंडलिकरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. एकीला सोडलं तर बाकी दहांना कसं धरणार? मास्तरांनी दौत उघडली, आणि तेव्हाच नत्थूजींनी तंबाखू मळायला घेतली.

नत्थूजींची थाप गावाला ठाऊक होती. त्यांनी म्हणे वाघाला दमणीला जुंपून रामाकोन्याचा बाजार केला होता. एकदा संत्र्याच्या पेटीत झोपून पांढुर्ण्याहून थेट दिल्लीला जाऊन आले होते, आणि तिथल्या व्यापाऱ्यानं त्यांना दाबून पाहून आंबट म्हणून परत पाठवलं होतं. पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे ऐकत आणि कोणी मध्ये बोलत नसे. आज मात्र ते सांगताना हातवारे करत नव्हते. दोन्ही तळवे त्यांनी मांडीखाली धरले होते.

त्यांनी केसरबाईचंच काढलं. ओसरी चपापली. भाऊबिजेला पांढुर्ण्याहून माहेरी आलेली तिची लेक जयवंता बायांमध्ये बसली होती. पाच वर्षांपूर्वी ती चौदाची होती. ती मांडीवरच्या मुलाला थोपटत होती. तिचा हात थांबला नाही.

त्या दिवाळीच्या सकाळी, नत्थूजी सांगू लागले, केसरबाईला ओकारी-हगवण लागल्याचा निरोप आला. गाव सगळं कापूस वेचायला गेलेलं. त्यांनी दमणी जुंपली, शिवेवरच्या त्या एकट्या घराशी नेली आणि भिंतीकडे पाहिलं. भिंत कोऱ्या कागदासारखी पांढरी. अंगठा नाही. म्हणजे पायली नाही. नियम तो नियम, म्हणून त्यांनी कासरा ओढला आणि बैल वळवू लागले.

"आन् बैल वळले नाईत," नत्थूजी म्हणाले. "चाबूक मारला, शेपटी पिळली. नाई. थोरला तं खालीच बसला, दारात, जसं काई त्याच्याच घरची बुढी बिमार आहे."

मग त्यांनी बैलाला नियम समजावून सांगितला. पुंडलिकरावांचं नावही सांगितलं. बैलानं कान हलवला आणि तोंड फिरवलं. कोणीतरी फसकन हसलं. शेवटी नत्थूजी हरले, केसरबाईला उचलून गादीवर घातलं, पोरीला शेजारी बसवलं, आणि तेव्हा कुठे थोरला उठला. उठला तो असा सुटला, की रुळाजवळ छोट्या लाइनीची गाडी मागे पडली. डब्यातल्या लोकांनी खिडकीतून संत्री फेकली, ड्रायव्हरनं लाजून शिटी वाजवायची बंद केली. दमणीची चाकं जमिनीला टेकत नव्हती, म्हणून तर केसरबाईला एकही धक्का बसला नाही. पण दुखणंच तसं होतं. नाल्यापाशी तिनं डोळे मिटले. बैल आपणहून थांबले. त्या दिवशी दोघांनी कडब्याला तोंड लावलं नाही.

ओसरीवर आता कोणी हसत नव्हतं. एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला.

"आमी त्यायले कडबा चारतो म्हणून ते आमचं ऐकते, असं आमाले वाटते," नत्थूजी म्हणाले. "तुमी दंड लावा, पुंडलिकराव. पण मग भिंत वाचणारे बैल आणा. माह्या बैलायले वाचता येत नाई."

हे बोलताना ते पुंडलिकरावांकडे पाहत होते, आणि पुंडलिकराव ओसरीच्या शेणसारवल्या जमिनीकडे. केसरबाई दमणीत, नाल्यापाशी गेली, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्या सकाळचा एक तास मात्र या गोष्टीत नव्हता, आणि तो तास दोघांनाच ठाऊक होता. तेवढा वेळ नत्थूजी पुंडलिकरावांच्या पायरीवर बसून होते आणि आत पूजेची घंटा वाजत होती. महिनाभर आधी एका बिनअंगठ्याच्या घरच्या माणसाला ओळखीवर नेलं म्हणून पुंडलिकरावांनी त्यांना याच ओसरीवर चारचौघांत झापलं होतं. त्यानंतर स्वतःच्या मनानं काही करायची त्यांची हिंमत राहिली नव्हती. पूजा आटोपून, ओलं धोतर सावरत पुंडलिकराव बाहेर आले, ऐकलं, आणि म्हणाले, न्या. तोवर ऊन पायरीवरून अंगणात उतरलं होतं.

पाच वर्षांत दोघांनी एकमेकांजवळही हे काढलं नव्हतं.

पुंडलिकरावांनी घसा खाकरला. त्यांना गोष्ट खोटी पाडता आली असती, पण त्यासाठी पायरीवरचा तास सांगावा लागला असता.

"झालं तसंच होतं," ते शेवटी म्हणाले. "मले आठवते. जनावराले कळलं ते आपल्याले कळू नये, हे बरं नाई. मास्तर, दंडाचं राहू द्या. पंचफुलाबाई, वेळ आली तं सांगून पाठवा."

पंचफुलानं हात जोडले. कोणाला जोडले ते कळलं नाही, बहुधा बैलांना. मास्तरांनी दौतीचं बूच लावलं. माणसं गुडघ्यावर हात टेकून उठू लागली. नत्थूजींनी मांडीखालचे हात बाहेर काढले. बोटं बधिर झाली होती, ती त्यांनी एकेक करून मोडली. आयुष्यात एवढी थाप मारली, पण तिच्यानं कोणाचं काम झालं असेल तर ते आज.

"आबाजी."

नत्थूजींना हाक मारणारी जयवंता उठली नव्हती. मूल मांडीवर झोपलं होतं आणि ते उठू नये म्हणून ती हळू बोलत होती. त्यामुळे उठलेली माणसं होती तिथेच थांबली.

"माह्या मायनं पायली देल्ली होती," ती म्हणाली. "तुमीच मोजून घेतली, तुमीच अंगठा लावला. तिले ताप होता म्हणून त्या सालचं लिपण मी केलं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, कुठं काई सोडलं नाई. मले वाटलं, माय उठली की म्हणन, पोरीनं किती साफ हात फिरवला."

नत्थूजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. गोष्टीला अजून जागा होती. बैलांना आणखी एकदा बसवता आलं असतं.

"मी फटीतून पाहून राहिली होती, आबाजी. तुमी भिंतीकडे पाह्यलं, मंग दाराकडे पाह्यलं, आन् कासरा ओढला. बैल काई बसले नाईत. एका इशाऱ्यात वळले."